उतारवयातील व्यवसायांतर आणि मांडणीची कला

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, वकील, अभियंते, व्यापारी अशा थोर मंडळींची भाषणे आपण ऐकली आहेत. मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एवढ्याच शिदोरीवर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे खडू झिजविलेल्या माझ्यासारख्या माणसाने त्या मालिकेत उभे राहावे, यात औचित्य कितपत आहे याविषयी मी स्वतः साशंक होतो. परंतु अध्यक्षमहाशयांनी विषयच असा नेमून दिला की, नकार देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले असते.

गतवर्षी मंडळाच्या शिक्षणनिधीकडे पाच अर्ज असे आले की, ते करणाऱ्या प्रत्येकाने वयाची चाळिशी ओलांडलेली होती. पाचही जणांना ‘ग्राफिक डिझाइन’ शिकावयाचे होते. निधीच्या नियमावलीत अर्जदाराचे वय २५ वर्षांपेक्षा अधिक नसावे असे कलम आहे. त्या कलमावर बोट ठेवून पाचही अर्ज परत गेले. नियमाप्रमाणे झाले, यात कोणाचा दोष नाही. तथापि त्यांपैकी एक अर्ज माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा होता. तो कागद हातात घेऊन एका रविवारी सकाळी तो माझ्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, “गुरुजी, मी आता शिकू नये, असे मंडळाचे म्हणणे आहे काय?” मी त्याला चहा दिला, उत्तर देऊ शकलो नाही. आजचे भाषण हे त्याला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम शब्दाचा खुलासा करतो. ग्राफिक डिझाइन म्हणजे संगणकावर चित्रे काढणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अपुरी आहे. अक्षरे, चित्रे, रंग आणि रिकामी जागा यांची अशी मांडणी करणे की, पाहणाऱ्यास जे कळावयास हवे ते न अडखळता कळावे, हे या विद्येचे प्रयोजन होय. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, पाठ्यपुस्तकाचे पान, एस. टी. गाडीवरील पाटी, या सर्वांमागे कोणीतरी ती मांडणी ठरविलेली असते. नाव तसे फार जुने नाही. ड्विगिन्स नावाच्या अमेरिकन अक्षररचनाकाराने १९२२ साली एका लेखात ते वापरले आणि पुढे ते रूढ झाले, असे सामान्यतः मानतात. आपल्याकडे जाहिरातकला, उपयोजित कला अशी नावे होती, आणि १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या परंपरेत तिचे रीतसर शिक्षणही फार पूर्वीपासून मिळत आले आहे.

परंतु आपणा भावसारांना हे काम परके म्हणता येईल काय? आपले वाडवडील रंगारी. लुगड्याच्या काठावर आधी रेषेचा ठसा उठवावा, मग त्यावर भरणीचा. ठसा केसभर सरकला तरी फुलाचा रंग पाकळीबाहेर सांडावयाचा. आज ऑफसेटच्या छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटी एकमेकींवर बिनचूक बसवाव्या लागतात. यंत्र बदलले, अडचण तीच राहिली. आमच्या घरी सागवानी ठसा एकच उरला आहे. त्याची मूठ इतकी गुळगुळीत झाली आहे की, तिच्यावरून हात फिरविताना किती हातांनी ती घासली असेल याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ते काम का बुडाले, हेही नव्या पिढीला ठाऊक असावे. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठातील लाल रंग प्रयोगशाळेत सिद्ध केला. १८९७ साली कृत्रिम नीळ कारखान्यातून बाजारात आली. पाठोपाठ गिरण्यांचे छापील कापड स्वस्त झाले. हिरडा कुटावा, तुरटीचे पाणी द्यावे, निळीचा रांजण दिवसानुदिवस राखावा, हा सारा खटाटोप त्यापुढे टिकणे अशक्यच होते. कोणी कापडाचे दुकान घातले, कोणी नोकरी धरली. माझ्या आजोबांनी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी रंगकाम सोडून शिवणयंत्र घेतले आणि एका ओळखीच्या कारागिराच्या दुकानात, आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या मुलाजवळ बसून ते काजे करावयास शिकले. त्यांना कोणी वयाचे कलम दाखविले नाही, कारण दाखविण्यास मंडळच नव्हते. (हे मी विनोदाने म्हणतो; पदाधिकाऱ्यांनी राग मानू नये.)

आता माझे स्वतःचे. २०१७ साली मी सेवानिवृत्त झालो. पहिले सहा महिने वर्तमानपत्र दोनदा वाचण्यात गेले. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी तरुणपणी दिल्या होत्या. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार आणि केंद्र संमेलनाचे फलक माझ्याच हातचे असत. पुतण्याने आपला जुना संगणक मला दिला आणि त्यावर इंकस्केप नावाचे, ज्याला पैसे पडत नाहीत असे, रेखाटनाचे साधन घालून दिले. मी एक गोष्ट येथे स्पष्ट करतो. मला निवृत्तिवेतन आहे. घर चालविण्यासाठी मी हे शिकलो नाही. म्हणून माझ्या शिकण्याला कोणी धाडस म्हणू नये. ज्यांच्या घरी दोन मुले शिकत आहेत आणि महिन्याचा पगार बंद झाला आहे, त्यांचे धाडस निराळे, आणि आजचा प्रश्न त्यांचा आहे.

माउस हाती धरताना पहिलीच्या मुलाने पेन्सिल मुठीत धरावी तशी माझी अवस्था झाली. अडतीस वर्षे मी मुलांना “हात सैल सोड” म्हणत आलो. आता माझी नात मला तेच सांगू लागली. चूक करण्याचा सराव सुटलेला असतो, हीच उतारवयातील विद्यार्थ्याची मुख्य अडचण. बुद्धी मंद होते असे नाही. लाज तेवढी तीव्र होते.

पहिले पैसे मिळावयाचे काम एका स्नेह्यांच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेचे आले. तीनशे प्रती. पडद्यावर कुंकवासारखा लखलखीत लाल रंग मी योजला होता आणि कडेने वेलबुट्टीची नाजूक चौकट. छापून आल्या तेव्हा तो लाल विटकरीसारखा मलूल दिसत होता आणि चौकटीची उजवी बाजू कापली गेली होती. छापखान्याचा यत्किंचितही दोष नव्हता. पडदा रंग दाखवितो तो प्रकाशाने, तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळून; कागद दाखवितो शाईने. प्रकाशातले काही रंग शाईत उतरतच नाहीत. तसेच कागदाचा गठ्ठा कापताना सुरी एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. म्हणून कडेपर्यंत जाणारा रंग कापावयाच्या रेषेबाहेर साधारण तीन मिलिमीटर वाढवून ठेवावा लागतो, आणि चौकटीसारखी वस्तू आत सरकवून घ्यावी लागते. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले तरी समजले नसते. ते त्या तीनशे पत्रिकांनी समजाविले. मी त्या स्वखर्चाने पुन्हा छापून दिल्या. पाण्यात असताना दिसणारा रंग आणि वाळल्यावर दिसणारा रंग निराळा, हे जाणणाऱ्या आजोबांचा नातू मी. ही चूक माझ्या हातून व्हावी याचे वैषम्य मला अधिक वाटले.

मग जुने काही उपयोगी पडले की नाही? पडले, आणि ते जेथे अपेक्षा नव्हती तेथे पडले. एकदा एका छापखान्यात बसलो असता एका संस्थेच्या सत्कारसमारंभाची पत्रिका संगणकावर तयार होती. ‘आचार्यांचा सत्कार’ असे मूळ कागदावर होते. पडद्यावर ‘आचाऱ्यांचा सत्कार’ झाला होता. म्हणजे गुरूंऐवजी स्वयंपाक्यांचा! आचाऱ्यांचा सत्कार होऊ नये असे नव्हे, परंतु त्या दिवशी तो योजलेला नव्हता. मुलगा हुशार होता, त्याचा हात माझ्या दसपट वेगाने चालत होता. पण डोक्यावरचा रफार आणि अर्धा आडवा र यांनी अर्थ बदलतो, हे त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हते. मला ते दारातूनच दिसले. आडव्या र साठी संगणकावर ऱ हे अक्षर निराळे टंकावे लागते, हे मला त्यानेच शिकविले. दोघांचाही फायदा झाला. त्याचप्रमाणे पाकळीचा ल आणि देठाचा श. मराठी वर्णमालेच्या २००९ सालच्या शासन निर्णयात ही रूपे मान्य झाली; परंतु संगणकावरील पुष्कळ टंकांत हिंदी वळणाचे ल आणि श आधी येतात, आणि काही टंकांत मराठी भाषा निवडल्यावरच आपली रूपे मिळतात. पहिलीच्या वर्गात हजारो वेळा गिरविलेली ही अक्षरे. ती चुकली की मला खडा लागल्यासारखे होते.

आणखी एक. कोणताही फलक करावयाचा झाला की, शेवटच्या बाकावर बसलेल्या, डोळ्याने किंचित अधू असलेल्या मुलाला तो वाचता येईल काय, असा प्रश्न मी स्वतःस विचारतो. या कसोटीवर गावोगावच्या चौकांतील निम्मे फलक नापास होतील. दहा रंग, वीस चेहरे, आणि कार्यक्रम किती वाजता हे कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत!

माझे उदाहरण फार लहान आहे. वाचनात आलेली मोठ्या माणसांची उदाहरणे सांगतो, कारण त्यांतील दोघे मला आपल्या घरचेच वाटतात. पहिला जॉन बास्करव्हिल, जन्म १७०६. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी हा माणूस मुलांना सुंदर अक्षर काढण्यास शिकविणारा शिक्षक होता आणि थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरीत असे. पुढे पत्र्याच्या वस्तूंना काळे चकचकीत रोगण देण्याच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला. १७५० च्या सुमारास, म्हणजे चव्वेचाळिशीत, तो खिळे पाडण्याकडे व छापण्याकडे वळला. खिळे, शाई, कागद, दाब या प्रत्येकात सुधारणा करीत त्याचे पहिले पुस्तक, व्हर्जिल कवीचे काव्य, १७५७ साली निघाले, तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. त्याची अक्षरे आज घरोघरच्या संगणकांत त्याच्याच नावाने आहेत. परंतु हयातीत त्याला या धंद्याने पैसा दिला नाही. त्याच्या अक्षरांनी डोळे बिघडतात असा प्रवादही पसरला होता. असे म्हणणाऱ्या एका गृहस्थापुढे बेंजामिन फ्रँकलिनने कॅस्लन नावाच्या दुसऱ्याच कारागिराच्या अक्षरांचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. गृहस्थ त्यातही भराभर दोष दाखवू लागले.

दुसरा विल्यम मॉरिस. हा तर कर्माने भावसारच! इंग्लंडात कृत्रिम रंगांचा सुळसुळाट झाला असता त्याने हट्टाने नीळ आणि मंजिष्ठ यांचे जुने रंग पुन्हा सिद्ध केले. रांजणात काम करून त्याचे हात निळे झालेले असत, आणि लाकडी ठशांनी छापलेली त्याची कापडे आजही संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. नोव्हेंबर १८८८ मध्ये त्याने एमरी वॉकर या मित्राचे छपाईवरील व्याख्यान ऐकले. जुन्या पुस्तकांतील अक्षरे भिंतीवर मोठी करून दाखविलेली होती. ती पाहून, आपणही अक्षरे करावी असे त्याच्या मनाने घेतले. तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. १८९१ च्या आरंभी त्याने केल्मस्कॉट छापखाना काढला, स्वतः तीन प्रकारचे टंक रेखाटले, आणि १८९६ साली चॉसर कवीचा ग्रंथ ८७ चित्रांसह छापून पूर्ण केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला. कापडावर वेल कशी वळते, रिकामी जागा कोठे सोडावी, हे जे त्याने कापडावर शिकले तेच पानाच्या कडेवर उतरले. पुस्तकात पाहिले तर कोणाही रंगाऱ्याला ते ओळखू यावे.

आपल्याकडील एक नाव सांगतो : र. कृ. जोशी. जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक, मग १९८३ पासून पवईच्या आय. आय. टी.त प्राध्यापक; आणि तेथून निवृत्त झाल्यावर, साठीच्या सुमारास, त्यांनी संगणकासाठी भारतीय लिप्यांचे टंक घडविण्याचे काम हाती घेतले. ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. आपल्यापैकी ज्यांनी कचेरीत संगणकावर एक ओळ जरी मराठी टंकिली असेल, त्यांच्यातील बहुतेकांनी त्यांचे अक्षर वापरलेले आहे.

ही नावे सांगून मी आपणास भुलवू इच्छीत नाही. बास्करव्हिल आणि मॉरिस दोघेही या कामात शिरले तेव्हा खाऊनपिऊन सुखी होते, आणि जोशी तर अक्षरांतच वाढलेले. आपल्या अर्जदारांची गोष्ट तशी नाही.

त्यांच्यापैकी एक भगिनी आज सभागृहात आहेत, म्हणून नाव घेत नाही. पतीच्या आजारपणामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळकतीचा प्रश्न उभा राहिला. ब्लाउजवर भरतकामाची नक्षी उतरवून देणे हे त्यांचे पंधरा वर्षांचे काम. अर्ज परत आल्यावर त्या दर शनिवारी आमच्या घरी येऊ लागल्या. संगणकाची भीती होती. परंतु एक नक्षी किती अंतराने पुन्हा आणावी, कोपऱ्यावर काठ कसा वळवावा, हे मला त्यांना शिकवावे लागले नाही, त्यांनीच मला शिकविले. त्यांनी प्रथम एका बचत गटाच्या काळ्या मसाल्याच्या पाकिटाची चिठ्ठी केली. असल्या चिठ्ठीत सौंदर्य पुढचे. आधी निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, अन्न परवान्याचा क्रमांक, घटक, आणि शाकाहाराचा चौकटीतला हिरवा ठिपका, हे सर्व नियमाप्रमाणे व वाचता येईल अशा आकारात बसवावे लागते. त्यांनी ते एखाद्या तंग कापडातून ब्लाउज बेतावा तसे बेतले. आज त्यांच्याकडे अशी सात गटांची कामे आहेत. मिळकत अद्याप घर चालविण्याइतकी नाही. औषधांचा खर्च निघतो, असे त्या सांगतात.

आणि माझा विद्यार्थी. वय सत्तेचाळीस. व्यवसायाने पाट्या रंगविणारा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, गणेशोत्सवाचे फलक, यांवर त्याचे घर चालत असे. पुढे फ्लेक्सच्या छपाईची यंत्रे तालुक्याच्या गावी आली आणि दोन दिवसांचे काम वीस मिनिटांत होऊ लागले. दहा-बारा वर्षे तो किडूकमिडूक कामे करीत राहिला. मग शहरातील एका खासगी शिक्षणवर्गाने त्याला सांगितले की, दोन लाख दहा हजार रुपये भरा, सहा महिन्यांत हमखास नोकरी देतो. त्यासाठी तो मंडळाकडे मागत होता पन्नास हजार; बाकीचे पत्नीच्या दागिन्यांवर उभे करणार होता. हे ऐकून मंडळाने अर्ज परत केला ते एका अर्थी बरेच झाले, असे मी त्याला पुढील भेटीत सांगितले. तो रागावला. रागावणे स्वाभाविक होते.

मी त्याला म्हटले, “अरे, हमखास नोकरी देणारा माणूस तुझ्या वयाच्या उमेदवाराला ती कोठून देणार? तुला जे येत नाही ते पाच हजारांतही शिकता येईल, आणि तुला जे येते ते तो वर्ग दोन लाखांतही कोणाला शिकवू शकणार नाही.” मग मी त्याला एका ओळखीच्या छापखान्यात रोज सकाळी तीन तास बसण्याची सोय करून दिली, पहिले चार महिने बिनपगारी. तेथे कोरेलड्रॉवर काम चालते. त्याचे वरिष्ठ तेवीस वर्षांचे. “काका, फाइल चुकली, पुन्हा करा,” हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकले याची त्याने आरंभी वहीत नोंद ठेवली होती. एके दिवशी सतरा. दुसऱ्या महिन्यात त्याने येणे सोडले. आठ दिवसांनी त्याची पत्नीच त्याला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “गुरुजी, यांना परत बसवा.” तो बसला. आज तो तेथे अर्धवेळ पगारावर आहे. त्याने ब्रशने काढलेली अक्षरे तो कागदावरून संगणकात घेतो, आणि दुकानांच्या नावांसाठी लोक तीच मागतात. कारण बाजारात फुकट मिळणारे टंक सर्वांकडे सारखेच असतात. पूर्वीच्या चांगल्या दिवसांइतके पैसे त्याला अजून मिळत नाहीत. मिळतीलच असे मी म्हणत नाही.

येथे कोणी विचारील की, ज्या धंद्यात यंत्र पुन्हा घुसत आहे त्यात माणसे का ढकलता? प्रश्न रास्त आहे. २०२२ पासून, शब्दांत वर्णन केले की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. शुभेच्छापत्रे, साधी जाहिरात, वाढदिवसाचा फलक, ही नवशिक्यांची कामे त्यांमुळे आटत चालली आहेत, हे मी स्वतः अनुभवीत आहे. गेल्या दिवाळीत माझी पूर्वीची तीन गिऱ्हाइके आपापल्या फोनवरच पत्रे करून मोकळी झाली. त्यांतील एका पत्रात देवनागरीचे जोडाक्षर असे काही झाले होते की, मला ते कोणत्याच भाषेत वाचता येईना; परंतु ती चूक यंत्र उद्या सुधारील, म्हणून तिच्यावर विसंबून कोणी पोट भरण्याचा बेत करू नये. निळीचा रांजण कारखान्याच्या निळीपुढे टिकला नाही, हे आपल्या इतक्या कोणाला ठाऊक आहे? म्हणून मी कोणालाही केवळ साधन चालविण्याचे शिक्षण घ्या असे सांगत नाही. गिऱ्हाइकाला काय सांगावयाचे आहे ते त्याच्याकडून काढून घेणे, त्यातले अर्धे गाळणे, उरलेले वाचता येईल असे मांडणे, आणि छापून हाती येईपर्यंत त्याची जबाबदारी घेणे, हे काम आहे. यात चाळिशीच्या माणसाला एक लाभ असतो. तो लोकांशी बोलावयास शिकलेला असतो.

आता नियमावलीकडे येतो. कोषाध्यक्ष म्हणतील की, निधी मुळातच तोकडा आहे आणि तरुण मुलामुलींचा त्यावर पहिला हक्क आहे. मला हे सर्वस्वी मान्य आहे. मी शिक्षक आहे. माझी सूचना एवढीच की, निधीच्या वार्षिक व्याजाचा एक पंचमांश भाग चाळीस ते पंचावन्न वयाच्या अर्जदारांसाठी राखावा. तो देणगी म्हणून देऊ नये; बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावा आणि दोन वर्षांत लहान हप्त्यांनी परत घ्यावा. एका अर्जदारास पंधरा हजारांपेक्षा अधिक देऊ नये, म्हणजे हमखास नोकरीवाल्यांच्या दारात तो पैसा जाणार नाही. जुना संगणक आणि काही महिन्यांचे शिक्षण एवढे त्यात होते. रक्कम एकदम देऊ नये. तीन महिन्यांनी अर्जदाराने आपल्या हातची तीन छापील कामे समितीपुढे ठेवावी, मग उरलेली द्यावी. पंचावन्नच्या पुढचे आम्ही लोक आमच्या खर्चाने शिकू.

हा ठराव पुढील सर्वसाधारण सभेत यावा अशी विनंती मी लेखी दिली आहे. तोपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यालयातील वाचनालयाची खोली रविवारी सकाळी नऊ ते बारा रिकामी असते, आणि चिटणीसांनी ती देण्याचे मान्य केले आहे. दोन संगणक माझ्या पुतण्याने दिले आहेत. माझा विद्यार्थी आणि त्या भगिनी दोघेही शिकवावयास येणार आहेत. पुढच्या रविवारपासून आरंभ करू. येताना प्रत्येकाने एक पट्टी, एक पेन्सिल आणि घरातील एखादी जुनी लग्नपत्रिका घेऊन यावे, आजीआजोबांच्या लग्नाची मिळाली तर फारच उत्तम. पहिले दोन रविवार संगणक झाकलेलेच राहतील. ती पत्रिका आपण पट्टीने मोजणार आहोत.